शास्त्रशिलांचा डोंगर

बीजिंग महानगराच्या नैऋत्येस सुमारे ७० किलोमीटर अंतरावर फांगशान हा डोंगराळ जिल्हा आहे. येथील दाशिवो गावच्या खाणींतील शुभ्र दगड शतकानुशतके राजवाड्यांच्या पायऱ्यांना आणि कठड्यांना लागत आला. याच परिसरात डोंगराच्या कुशीत युन्जू मंदिर उभे आहे. ‘युन्जू’ म्हणजे मेघांचे निवासस्थान. मंदिरासमोरच्या डोंगराला मात्र लोक एका वेगळ्याच नावाने ओळखतात: शिजिंग शान, अर्थात शास्त्रशिलांचा डोंगर.

पायऱ्यांची वाट चढून वर गेलेला यात्रेकरू एका कड्यापाशी येतो. कड्याच्या पोटात दोन स्तरांत मिळून नऊ गुहा कोरलेल्या आहेत. दोन खाली, सात वर. त्यांतील एका गुहेत प्रवेश करून पूजा करता यावी अशी योजना मुळापासून होती. उरलेल्या आठ गुहांना दगडी दारे आहेत. दाराच्या वरच्या भागातील जाळीला डोळा लावला की आत अंधार दिसतो, आणि नजर सरावल्यावर त्या अंधारात एकमेकींना टेकून रचलेल्या शिळा दिसू लागतात. प्रत्येक शिळा अक्षरांनी भरलेली आहे. नऊ गुहांत मिळून ४,१९६ शिळा आहेत. मंदिराच्या आवारातील भूमीखाली आणखी १०,०८२ आहेत. एकूण १४,२७८ शिळांवर १,१०० हून अधिक ग्रंथ कोरलेले असून हे काम इसवी सनाच्या सातव्या शतकाच्या आरंभी सुरू झाले आणि मध्ये अनेक खंड पडूनही सतराव्या शतकापर्यंत, म्हणजे सुमारे हजार वर्षे, चालले.

एवढे श्रम घेऊन कोरलेली ही अक्षरे कोणी वाचावीत, अशी कोरणाऱ्याची अपेक्षा नव्हती. उलट, ती वाचण्याची वेळ जगावर कधी येऊ नये, हीच त्याची प्रार्थना होती.

जिंगवानचा संकल्प

चीनमध्ये बौद्ध धर्म रुजून काही शतके लोटली होती. परंतु राजाश्रय हा कायमचा नसतो, याचा अनुभव तेथील भिक्षूंना दोनदा आला होता. इ. स. ४४६ मध्ये उत्तर वेइ राजवटीच्या सम्राटाने मठ पाडण्याची आणि ग्रंथ जाळण्याची आज्ञा दिली. ५७४ मध्ये उत्तर झोउ राजवटीच्या सम्राटाने तेच पुन्हा केले. भूर्ज, ताडपत्र, रेशीम, कागद यांवर लिहिलेले शास्त्र एका ठिणगीत नाहीसे होते, हे सर्वांनी पाहिले. त्याच सुमारास धर्माचा ऱ्हासकाळ सुरू झाला असल्याची भावनाही दृढ होत होती. अवसर्पिणीच्या कल्पनेशी परिचित असलेल्या वाचकाला त्या भीतीचे स्वरूप वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

या पार्श्वभूमीवर जिंगवान नावाच्या भिक्षूने संकल्प केला की संपूर्ण शास्त्र दगडावर कोरून डोंगरात ठेवावे. सातव्या शतकातील लेखक तांग लिन याने त्याची हकिकत लिहून ठेवली आहे. कडा फोडून दालने करावयाची, त्यांच्या भिंती घासून गुळगुळीत करून त्यांवर ग्रंथ कोरावयाचे, शिवाय सुट्या शिळांवर कोरून त्या आत रचावयाच्या आणि दालन भरले की दगडाने दार बंद करून लोखंडाने सांधून टाकावयाचे, अशी त्याची रीत होती. सुइ सम्राटाच्या राणीने या कार्यासाठी रेशमाची १,००० ठाणे व द्रव्य दिले, आणि तिच्या भावाने ५०० ठाणे दिली. मंदिरासाठी लाकूड मिळेना, तेव्हा एका रात्री मेघगर्जनेसह मोठा पाऊस झाला आणि सकाळी पुरात वाहून आलेले पाइन व सायप्रसचे हजारो वृक्ष डोंगराच्या पायथ्याशी पडलेले आढळले, अशी आख्यायिकाही तांग लिन सांगतो.

जिंगवानने स्वतः कोरवून घेतलेला एक छोटा लेख उपलब्ध आहे. त्याचा आशय असा: पुढे कधी धर्मावर संकट येऊन ग्रंथ नष्ट झाले, तर मूळ पाठ म्हणून उपयोग व्हावा यासाठी हे शास्त्र येथे ठेवले आहे, जोवर जगात ग्रंथ शिल्लक आहेत, तोवर ही दारे उघडू नयेत. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगावयाचे तर ही अखेरची शिल्लक होती. ती हिशोबात धरावयाची, पण हात लावावयाचा नाही.

६३९ मध्ये जिंगवान निवर्तला. काम आपल्या हयातीत पुरे होणार नाही, हे त्याला ठाऊक असावे, कारण त्याने शिष्य तयार केले होते. त्याच्यामागून पिढ्यानपिढ्या शिष्य ही धुरा वाहत राहिले. त्याला ज्या आपत्तीची भीती होती ती तिसऱ्यांदा खरोखरच आली. ८४५ मध्ये तांग सम्राट वूझोंग याच्या आज्ञेने देशभर हजारो मठ मोडण्यात आले आणि लाखो भिक्षू-भिक्षुणींना गृहस्थाश्रमात परत पाठवण्यात आले. त्या वादळात फांगशानच्या गुहा मात्र बंदच राहिल्या.

दगड वाचण्याची विद्या

चिनी लिपी येथे वरून खाली आणि उजवीकडून डावीकडे वाचावी लागते. परंतु अक्षर ओळखता आले म्हणजे शिलालेख वाचता आला, असे होत नाही. अभ्यासक प्रथम शिळेचा ठसा घेतो. शिळा स्वच्छ करून तिच्यावर पातळ, चिवट कागद ओला करून बसवतात. मऊ कुंचल्याने तो हलके ठोकून अक्षरांच्या खाचांत उतरवतात. कागद निमसुका झाला की कापडी गोळ्याला शाई लावून त्यावर अलगद टिपतात. सपाट भागावर शाई बसते, खाचा कोऱ्या राहतात आणि काळ्या पृष्ठावर पांढरी अक्षरे उमटतात. कागद वाळला की सोलून काढतात. शिळा जागेवरच राहते, आणि तिचे वाचन जगभर जाऊ शकते. डोळ्यांना न दिसणारी झिजलेली रेघही पुष्कळदा ठशावर दिसते.

त्यानंतर काळ ठरवावयाचा. काही शिळांवर सम्राटाच्या कारकिर्दीचे नाव आणि वर्ष असते. त्याला साठ वर्षांच्या चक्रातील नावाची जोड असते. मराठी पंचांगातही प्रभव, विभव अशी साठ संवत्सरे आहेत, त्यामुळे ही पद्धत येथील वाचकाला परकी वाटू नये. परंतु ज्या शिळेवर वर्ष नाही तिचे काय करावयाचे? तेथे अक्षरांच्या चुका उपयोगी पडतात, आणि त्या चुका जाणूनबुजून केलेल्या असतात. सम्राटाच्या नावातील अक्षर कोणी पूर्ण लिहू नये, त्याची एखादी रेघ गाळावी, असा दंडक होता. तांग सम्राट ताइझोंग याचे नाव ली शिमिन. त्यातील ‘मिन’ म्हणजे प्रजा. हे अक्षर शेवटची रेघ गाळून कोरलेले आढळले की ती शिळा त्याच्या कारकिर्दीनंतरची असण्याचा संभव वाढतो. सम्राज्ञी वू झेतियेन हिने सूर्य, चंद्र, पृथ्वी इत्यादींसाठी नवी अक्षरे प्रचारात आणली होती. ७०५ मध्ये तिची सत्ता संपल्यावर ती मागे पडली. ती अक्षरे एखाद्या शिळेवर दिसली की काळाची चौकट हाती येते. अशा रीतीने गाळलेली एक रेघ किंवा अल्पायुषी ठरलेले एक अक्षर साक्षीदाराचे काम करते.

क्रमाचा प्रश्न याहून बिकट होता. हजारो शिळांतील कोणती कोणत्या ग्रंथाची, हे कसे ओळखावयाचे? अकराव्या-बाराव्या शतकांतील शिळांवर पाठाबरोबर एक सुटे अक्षर आढळते आणि त्याचा ग्रंथाच्या अर्थाशी काहीही संबंध नसतो. ते अक्षर चिनी मुलांना शिकवल्या जाणाऱ्या एका प्राचीन पाठातील आहे. त्या पाठात हजार अक्षरे असून एकही अक्षर पुन्हा येत नाही. ग्रंथालयात बासनांना क्रमांक घालण्यासाठी ही हजार अक्षरे क्रमाने वापरली जात. ज्ञानभांडारातील पोथ्यांच्या बासनावर जशी खूण असते, तशीच ही खूण दगडावर उतरली होती. तिच्या आधारे विस्कळीत शिळा पुन्हा आपापल्या ‘बासनात’ बसवता आल्या.

गुहेच्या भिंतीवरील एक नाव

पूजेसाठी खुली ठेवलेली गुहा ‘लेइयिन’ या नावाने प्रसिद्ध आहे. लेइयिन म्हणजे मेघगर्जनेचा नाद. बुद्धवाणीसाठी योजलेली ही उपमा. गुहेच्या मध्यभागी चार अष्टकोनी स्तंभ असून त्यांवर हजाराहून अधिक लहान बुद्धमूर्ती कोरलेल्या आहेत. भिंतींत १४६ शिळा बसवलेल्या आहेत. हे जिंगवानच्या काळचे काम होय. १९८१ मध्ये या गुहेच्या जमिनीखाली अस्थिधातूंची एक मंजूषा सापडली. तिच्यावरील लेखात इ. स. ६१६ शी जुळणारे वर्ष आहे, आणि त्यामुळे गुहेच्या कालनिर्णयाला भक्कम आधार मिळाला.

या भिंतींवर जे ग्रंथ आहेत त्यांत ‘विमलकीर्तिनिर्देश’ हा एक प्रमुख आहे. त्याचे चिनी भाषांतर कुमारजीव या पंडिताने ४०६ मध्ये केले. ग्रंथाचा नायक विमलकीर्ती हा भिक्षू नाही. तो वैशालीचा धनाढ्य गृहस्थ आहे. प्रपंचात आणि व्यवहारात राहूनही ज्ञानी असलेला. त्रिशलामातेचे माहेर असलेली वैशाली ती हीच.

ग्रंथाच्या तिसऱ्या प्रकरणात सुभूती हा भिक्षू विमलकीर्तीच्या दारी भिक्षेस येतो, तेव्हा विमलकीर्ती त्याच्याशी कोड्यात बोलतो. त्या संभाषणात बुद्धाच्या काळी विद्यमान असलेल्या सहा अन्य आचार्यांची नावे येतात. सहावे नाव सहा चिनी अक्षरांत लिहिले आहे. आजच्या चिनी उच्चाराप्रमाणे ते साधारण ‘नी-ज्येन-थुओ-रुओ-थी-त्झ’ असे होते. ते कानावर पडताच भारतीय मनुष्याला काहीच बोध होणार नाही. पण अक्षरे सुटी करून पाहिली की अर्थ उलगडतो. पहिली तीन अक्षरे ‘निगंठ’, म्हणजे निर्ग्रंथ, या शब्दाचा ध्वनी धरण्यासाठी योजली आहेत. पुढील दोन ‘ज्ञाति’ किंवा ‘नात’ याच्या ध्वनीसाठी आहेत. सहावे अक्षर ‘त्झ’. त्याचा अर्थ पुत्र. पाच अक्षरे ध्वनीने आणली, सहावे अर्थाने भाषांतरित केले. निर्ग्रंथ ज्ञातिपुत्र, आगमांतील ‘णायपुत्त’: भगवान महावीर.

बौद्ध ग्रंथ त्यांची गणना परमताच्या आचार्यांत करतो, हे उघड आहे, आणि कोरणाऱ्या पाथरवटाला हे नाव कोणाचे याची कल्पनाही नसेल. त्याच्या दृष्टीने ती शास्त्रातील सहा अक्षरे होती, आणि शास्त्रातील एकही अक्षर गाळावयाचे नव्हते. त्या निष्ठेमुळेच मगध आणि वैशाली यांच्यापासून हजारो कोस दूर, एका परक्या लिपीत आणि परमताच्या ग्रंथात, हे नाव दगडावर आले. पर्यटक त्या भिंतीसमोरून जातात. वाचता येणाऱ्यालाच ते भेटते.

भारताशी असलेला हा संबंध येथेच संपत नाही. ६४५ मध्ये ह्युएन त्संग भारतातून ६५७ ग्रंथ घेऊन स्वदेशी परतला. त्याने आपल्या प्रवासवृत्तात महाराष्ट्राचे आणि तेथील मानी लोकांचे वर्णन केले आहे, आणि ठिकठिकाणी भेटलेल्या निर्ग्रंथ साधूंचीही नोंद केली आहे. पुढे त्याने ६०० भागांचा ‘महाप्रज्ञापारमिता’ हा विशाल ग्रंथ चिनी भाषेत आणला. ते काम ६६३ मध्ये पुरे झाले. प्रज्ञेच्या याच परंपरेतील ‘हृदयसूत्रा’ची ६६१ ची एक शिळा फांगशानच्या गुहांत आहे, म्हणजे ती ह्युएन त्संग हयात असतानाच कोरली गेली.

शिळेच्या कडेची माणसे

आठव्या शतकात या कार्याला राजकन्येचा हातभार लागला. सम्राट श्वानझोंगची बहीण जिनशियेन हिच्या विनंतीवरून ७३० मध्ये जुन्या-नव्या भाषांतरांचे ४,००० हून अधिक भाग मूळ प्रती म्हणून राजधानीतून येथे पाठवण्यात आले. ते पोहोचवणाऱ्यांत झिशेंग हा त्या काळचा श्रेष्ठ ग्रंथसूचीकार होता. पाठ शुद्ध असावा, याची काळजी घेणारी ही व्यवस्था होती. या दानाची हकिकत डोंगरावरील एका लहान स्तूपाच्या पाठीवर कोरलेली आहे.

पण पाठ मिळाला तरी दगड खाणीतून काढणे, घासणे, लिहवून घेणे, कोरणे आणि डोंगरावर चढवणे याला पैसा लागतो. ‘महाप्रज्ञापारमिते’चे ६०० भाग कोरावयाचे म्हणजे अनेक पिढ्यांचा खर्च. तो कोणी केला? याचे उत्तर ग्रंथात नाही. ते शिळांच्या कडेला आहे.

ग्रंथाचा मजकूर संपला की उरलेल्या जागेत, किंवा शिळेच्या काठावर, लहान आणि कधी ओबडधोबड अक्षरांत दानलेख कोरलेले असतात. आरंभीच्या अभ्यासकांचे लक्ष साहजिकच शास्त्राकडे होते. परंतु १९३५ मध्ये जपानी पंडित त्सुकामोतो झेनर्यू यांनी या स्थळाचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला, आणि पुढे १९८७ मध्ये चिनी अभ्यासकांनी केवळ या दानलेखांचे संकलन छापले. तेव्हा एक हरवलेली बाजारपेठ उजेडात आली.

आजचे बीजिंग जेथे आहे तेथे त्या काळी योउचोऊ हे शहर होते. दक्षिणेस च्वोचोऊ. या दोन शहरांतील व्यापाऱ्यांनी ‘महाप्रज्ञापारमिते’च्या शिळांचा भार उचलला होता. दानलेखांत त्यांच्या ‘हांग’ची नावे आहेत. हांग या शब्दाचा मूळ अर्थ ओळ किंवा रांग. एकाच जिनसाची दुकाने ज्या रांगेत असतात ती रांग, आणि मग त्या दुकानदारांची संघटना. पुण्यात तांबट आळी म्हटले की जसा धंदा आणि वस्ती एकाच शब्दात येतात, तसेच हे आहे. तांदळाची हांग, रेशमाची हांग, त्यातही मोठ्या रेशमाची आणि छोट्या रेशमाची निराळी, साध्या कापडाची, रंगीत वस्त्रांची, तेलाची, फळांची, कोळशाची, ओतीव लोखंडाची, शिरोवस्त्रांची, जोड्यांची, दळणाची, किरकोळ जिनसांची. इतिहासग्रंथांनी ज्यांची दखल घेतली नाही अशा या पेठा नावानिशी येथे उभ्या आहेत. तांग काळातील उत्तर चीनच्या व्यापाराचा इतिहास लिहिणाऱ्यांना आज या शिळांकडे यावेच लागते.

दानाची पद्धतही या लेखांतून कळते. हांगमधील लोक एकत्र येऊन धर्ममंडळ स्थापीत. त्याचा एक प्रमुख असे. वर्षासाठी शिळा ठरत, वर्गणी जमे, आणि कोरून तयार झालेल्या शिळा पुष्कळदा चौथ्या महिन्याच्या अष्टमीला, बुद्धजन्माच्या दिवशी, डोंगरावर चढवल्या जात. कडेच्या लेखात ‘चौथा महिना, आठवा दिवस’ ही तिथी पुन्हा पुन्हा भेटते. एकट्या श्रेष्ठीला जे झेपले नसते ते संपूर्ण आळीने वाटून घेतले.

या यादीत एक नाव असे आहे की जैन वाचक तेथे थबकेल. मांसविक्रेत्यांची आणि खाटकांचीही हांग दात्यांत आहे. करुणेचा उपदेश करणाऱ्या शास्त्राच्या शिळेला त्या धंद्यातील पैसा लागला होता. त्या माणसांच्या मनात काय होते, हे दगड सांगत नाही. पश्चात्ताप असेल, पुण्याची आशा असेल, की आळीतील इतरांनी दिले म्हणून दिले असेल. शिलालेखाचा अर्थ लावणाऱ्याला येथेच थांबावे लागते. जे कोरले आहे ते वाचावे, जे कोरलेले नाही ते आपल्या पदरचे घालू नये, हा या विद्येतील संयम आहे.

७५५ मध्ये याच प्रदेशाचा सेनापती आन लुशान याने बंड केले आणि तांग साम्राज्य मुळापासून हादरले. योउचोऊ बंडखोरांच्या ताब्यात होते. त्या वर्षांतल्या काही दानलेखांवर तांग सम्राटाच्या कारकिर्दीचे नाव नसून बंडखोर राजवटीने घोषित केलेली कारकीर्द आहे. राजधानीतल्या इतिहासकारांनी जी वर्षे मोजण्याचे नाकारले, ती या शिळांच्या कडेला टिकून राहिली. व्यापारी त्या धामधुमीतही शिळा कोरवून घेत होते. कालगणना राज्यकर्त्याची बदलली. चौथ्या महिन्याची अष्टमी बदलली नाही.

भूमीतील ठेव

तांग राजवट कोसळली, आणि काम थांबले. ‘महाप्रज्ञापारमिता’ अपुरी राहिली. पुढे हा प्रदेश खितान लोकांच्या ल्याओ राज्यात गेला. १०२७ मध्ये हान शाओफांग नावाचा अधिकारी या स्थळी आला. त्याने गुहांतील शिळांची पाहणी करून काय कोरले गेले आणि काय राहिले याचा हिशोब सम्राटापुढे ठेवला. सम्राटाने काम पुन्हा सुरू करण्याची आज्ञा दिली. १०५७ पर्यंत उरलेले ८० भाग २४० शिळांवर कोरून ‘महाप्रज्ञापारमिता’ पुरी झाली. ज्यांनी आरंभ केला त्यांची भाषा, राजवट आणि वंश वेगळे. ज्यांनी शेवट केला त्यांचे वेगळे. अर्धवट राहिलेली खातेवही परक्या पेढीने पुरी करून द्यावी, तसे हे घडले.

त्यानंतर तोंगली नावाच्या आचार्याने काम हाती घेतले. प्रचंड शिळांऐवजी लहान शिळा दोन्ही बाजूंनी कोराव्यात, अशी सुटसुटीत पद्धत त्याच्या काळी रूढ झाली, आणि ४,०८० शिळा तयार झाल्या. गुहांत जागा उरली नव्हती. म्हणून त्याच्या शिष्यांनी बाराव्या शतकाच्या आरंभी मंदिराच्या आवारात खड्डा खणून त्या शिळा भूमीत ठेवल्या आणि वर एक स्तूप उभारला. १११८ मध्ये त्यांनी एक लेखही कोरवून ठेवला: किती मोठ्या शिळा, किती लहान, आणि त्या कोठे पुरल्या आहेत.

हा लेख सव्वाआठशे वर्षांनी कामास आला. जपानी आक्रमणाच्या काळात, १९४२ मध्ये, मंदिर बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झाले. दक्षिणेकडील मनोरा नाहीसा झाला. ल्याओ काळातील उत्तरेकडचा मनोरा आणि त्याच्या चार कोपऱ्यांवरील तांगकालीन छोटे दगडी स्तूप तेवढे वाचले. १९५६ मध्ये चिनी बौद्ध संघटनेने गुहा उघडून पाहणी सुरू केली. तेव्हा त्या जुन्या लेखातील खुणेचा माग काढीत अभ्यासक १९५७ मध्ये नेमक्या जागी पोहोचले. जमिनीखाली शिळांच्या राशी होत्या. लेखात नोंदलेल्या संख्येहून त्या कितीतरी अधिक भरल्या, कारण त्यानंतरच्या जिन राजवटीतही लोक शिळा आणून ठेवत राहिले होते. पुढील दोन वर्षांत गुहांतील आणि भूमीतील सर्व शिळांचे ठसे घेण्यात आले.

ठसे वाचता वाचता आणखी एक गोष्ट ध्यानात आली. ल्याओ राज्यात संपूर्ण बौद्ध शास्त्र लाकडी ठोकळ्यांवरून छापले गेले होते. त्या मुद्रित संग्रहाची कीर्ती ग्रंथांतून ऐकू येत असे, पण प्रत कोठेही उरलेली नव्हती. फांगशानच्या लहान शिळांवरील ओळींची रचना आणि हजार अक्षरांच्या क्रमांकाच्या खुणा पाहता त्या याच हरवलेल्या संग्रहावरून कोरल्या असाव्यात, असा तर्क अभ्यासकांनी केला. १९७४ मध्ये शान्शी प्रांतातील यिंग-श्येन येथील लाकडी मनोऱ्यातील मूर्तींच्या पोटात त्या संग्रहाच्या मूळ मुद्रित गुंडाळ्या सापडल्या, आणि ताडून पाहता तर्क खरा ठरला. कागदावर छापलेले संपूर्ण शास्त्र काळाने नेले होते. दगडावर उतरवलेली त्याची नक्कल हाती लागली. जिंगवानने ज्या दिवसासाठी ही शिल्लक ठेवली होती, तो दिवस एका अर्थाने आला होता.

पुन्हा बंद झालेले दार

उत्खननात निघालेल्या शिळा मंदिराच्या कोठारात मांडून ठेवल्या गेल्या. आठ शतके मातीखाली सुखरूप राहिलेली अक्षरे उघड्या हवेत झिजू लागली. ओलावा, तापमानातील चढउतार आणि हवेतील प्रदूषण यांनी चार दशकांत जे केले ते मातीने कधी केले नव्हते. अखेर निर्णय झाला. ९ सप्टेंबर १९९९ रोजी १०,०८२ शिळा समारंभपूर्वक पुन्हा भूमिगत करण्यात आल्या. त्यांच्यासाठी बांधलेल्या तळघरात नायट्रोजन वायू भरलेला असून तापमान व आर्द्रता कायम राखली जाते. आज यात्रेकरूला काचेच्या झरोक्यातून आत डोकावता येते. मंद उजेडात रांगेने रचलेल्या शिळा दिसतात. हात लावता येत नाही, आणि एवढ्या अंतरावरून अक्षरही लागत नाही.

जिंगवानची अट मोडली गेली की पाळली गेली, याचा विचार या झरोक्यापाशी कोणाच्याही मनात येईल. दारे उघडली गेली, हे खरे. जगात ग्रंथ शिल्लक असतानाच उघडली गेली. पण उघडणाऱ्यांनी प्रत्येक शिळेचा ठसा घेतला, तो छापून जगभरच्या ग्रंथालयांत पोहोचवला आणि दगड पुन्हा अंधाराच्या हवाली केला. वाचन बाहेर राहिले, शिल्लक आत गेली. जुन्या भिक्षूने याहून चांगली तडजोड क्वचितच मागितली असती.

त्या ठशांत शास्त्राबरोबर कडेचे लेखही उतरले आहेत. तांदळाच्या आळीतील, तेलाच्या आळीतील, लोखंडाच्या आळीतील त्या माणसांची घरे आणि दुकाने कोठे होती, हे आज बीजिंगच्या रस्त्यांवर कोणालाही दाखवता येणार नाही. त्यांच्या वह्या गेल्या, माल गेला, पेढ्या गेल्या. जी वर्गणी त्यांनी खर्चाच्या बाजूला लिहिली असेल, तेवढीच त्यांच्या नावावर शिल्लक राहिली.